बाहेर गरबा, आत घट

मागच्या अंकात प्राणायामाबद्दल लिहिताना शेवटी प्रत्याहाराचा, म्हणजे इंद्रियं आत वळवण्याचा, उल्लेख आला होता. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की हा अंक त्यांच्यासाठीच ठेवला. मला त्याचा आनंद आहे. योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी योगाची आठ अंगं सांगितली, त्यांतलं हे पाचवं. आसन-प्राणायामाचे वर्ग आपल्या बडोद्यात गल्लोगल्ली आहेत, ध्यानावर व्याख्यानंही पुष्कळ होतात. मधलं प्रत्याहाराचं अंग मात्र शिकवणारे वगळतात आणि शिकणारे विचारत नाहीत. मग डोळे मिटून बसलेला माणूस दहा मिनिटांत कंटाळतो आणि ‘ध्यान आपल्याला जमत नाही’ म्हणून उठतो. त्याला जमत नाही असं काही नसतं, त्याची एक पायरी गाळलेली असते.

प्रश्न : मी कारेलीबागेत राहते, वय ५८. रात्री नऊला दिवाणखान्यात बसून इंद्रियं आत वळवण्याचा प्रयत्न करते. नवरात्रात घरात घट बसतात आणि खाली सोसायटीच्या मैदानात गरबा सुरू होतो. कानात कापूस घातला, खिडक्या लावल्या, तरी ढोल आत येतोच. चिडचिड होते, मग देवीसमोर चिडल्याचं वाईट वाटतं. माझा प्रत्याहार होतच नाही. काय करू?

ताई, आधी कापूस काढा. कापूस घातला की माणूस जास्तच ऐकतो. आवाज येतोय का, किती येतोय, कमी झाला का, हे तपासण्यात मन कानापाशीच बसून राहतं. तुम्हाला मनाला तिथून हलवायचं आहे आणि कापूस त्याला तिथेच धरून ठेवतो.

योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात हे चोपन्नावं सूत्र आहे : स्वविषयासंप्रयोगे चित्तस्य स्वरूपानुकार इवेन्द्रियाणां प्रत्याहारः। इंद्रियं आपापल्या विषयाशी जोडली जात नाहीत आणि जणू चित्ताचंच रूप घेतात, तो प्रत्याहार. विषय नाहीसा व्हायला हवा असं पतंजली कुठेच म्हणत नाहीत. ढोल वाजत राहू शकतो. त्याच्याशी जोडणं सुटलं पाहिजे, आणि ते सुटतं चित्त दुसरीकडे स्थिर झाल्यावर. या सूत्रावरच्या भाष्यात व्यासांनी मधमाश्यांचा दाखला दिलाय. त्यांची राजमाशी उडाली की सगळ्या तिच्यामागे उडतात, ती बसली की सगळ्या बसतात. (जुन्या ग्रंथात ‘राजा’ म्हटलंय, आपण राणीमाशी म्हणतो.) तुम्ही सध्या एकेक माशी पकडायला धावताय. त्याने दमायला होणारच.

हे तुम्हाला मुळीच नवीन नाही. लेकीचा परगावाहून फोन आला की कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते सांगता येत नाही. शिट्टी कानावर पडलेली असते, कान काही बंद नव्हते. माझ्या वर्गात रेल्वेचे एक निवृत्त गार्ड येतात. प्रतापनगरकडून इंजिनाचा भोंगा ऐकू आला की त्यांची पाठ ताठ होते. शेजारी बसलेल्या बाईंना त्याचा पत्ताही नसतो. भोंगा दोघांच्याही कानात शिरलेला असतो, पण त्यांच्या मनात तीस वर्षांची ड्यूटी जागी होते. तुमच्या मनात काय जागं होतं ते एकदा शांतपणे पाहा. बहुधा ढोलापेक्षा ‘यांना काही कळत नाही का’ हे वाक्य जास्त त्रास देत असेल.

आता करायचं काय. मी दांडिया बाजारात जिथे शिकवते ती खोली रस्त्यावर आहे. रिक्षा, भाजीवाले, गणपतीत ताशे, सगळं आत येतं. म्हणून पहिली काही मिनिटं मी सगळ्यांना मुद्दाम ऐकायलाच लावते. खुर्चीत बसा, पाठ टेकली तरी चालेल. सर्वांत लांबचा आवाज शोधा. गरब्याच्याही पलीकडे हमरस्त्याची घरघर असेल. मग त्याहून जवळचा, मग मैदानातला, मग जिन्यातला, मग खोलीतला पंखा, मग स्वतःचा श्वास. कुठलाही आवाज ढकलायचा नाही. दारात आलेल्याला ‘हो, पाहिलं’ म्हणावं आणि पुढे जावं, इतकंच.

नंतर शरीरात उतरा. योगयाज्ञवल्क्य नावाच्या ग्रंथात प्रत्याहारासाठी अठरा मर्मस्थानं सांगितली आहेत, पायाच्या अंगठ्यापासून मस्तकापर्यंत. मूळ पद्धतीत तिथे प्राण धरून एका जागेवरून पुढच्या जागी न्यायचा असतो. श्वास रोखणं कागदावर वाचून शिकू नये, म्हणून मी वर्गात श्वास सहज ठेवून फक्त लक्ष न्यायला सांगते. पायाचे अंगठे, घोटे, पोटऱ्या, गुडघे, मांड्या, बैठकीची जागा, ओटीपोट, नाभी, छाती, गळा, तोंडातली टाळू, नाकाचं मूळ, डोळे, भुवयांच्या मधे, कपाळ, टाळक्याचा माथा. ग्रंथातल्या अठरांपैकी दोन मी सुरुवातीला गाळते. अंगठा डोळ्यांपुढे आणायचा नाही, आतून जाणवू द्यायचा : गार आहे का, जमिनीला कुठे टेकलाय, नखाखाली काही कळतंय का. काहीच कळत नसेल तर तेही चालतं. तिथे चार-पाच श्वास थांबा आणि वर सरका.

गुडघ्यापर्यंत आलात की ओळखीचा गरबा लागेल आणि मन खाली मैदानात जाईल. जाऊ दे. लक्षात आलं की गुडघ्यापासूनच पुढे जा. पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात करायची नाही. बरेच साधक नेमकं तेच करतात. मग ती शिक्षा होऊन बसते आणि शिक्षेच्या जागी मन परत यायला तयार नसतं. पंधरा-वीस मिनिटं पुरे.

आणि ताई, दोन गोष्टी योगाबाहेरच्या. नवरात्रापुरती वेळ बदला. पहाटे पाचला बडोद्याइतकं शांत गाव नाही. आणि एखाद्या रात्री खाली उतरून दोन फेऱ्या घाला. घटातली देवी आणि मैदानातली देवी एकच आहे. दुसरं असं की २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवायचे असतात. सणासाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ही वेळ बारापर्यंत वाढवू शकतं. बारानंतरही स्पीकर चालू असेल तर पोलिसांना फोन करा. मुकाट सहन करत बसणं हे योगाने तुम्हाला सांगितलेलं नाही.

प्रश्न : वय २७, अलकापुरीत नोकरी. दर रविवारी मोबाइल कपाटात ठेवून कुलूप लावतो. संध्याकाळपर्यंत अस्वस्थ होतो आणि सोमवारी सकाळी उठल्या उठल्या दोन तास मोबाइलवरच जातात. हा प्रत्याहार आहे का?

हा उपास आहे, आणि उपासाबद्दल गीतेने दुसऱ्या अध्यायातच सावध केलंय : न खाणाऱ्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी राहते. तुमचा मोबाइल कपाटात असतो आणि मनही दिवसभर त्याच कपाटात असतं. सोमवारचे दोन तास तिथूनच येतात.

कुलूप काढून टाका. रोजच्या दिवसात हात मोबाइलकडे जाईल तेव्हा उचलण्याआधी एक श्वास थांबा. ओढ शरीरात कुठे आहे ते पाहा. कुणाला ती छातीत जाणवते, कुणाला बोटांत, कुणाला घशात. ती ओळखा आणि मग ठरवा. उचलावासा वाटला तर उचला, त्यात हरणं नाही. मला त्या एका श्वासाशी मतलब आहे, कारण तेवढ्यात इंद्रिय आणि विषय यांच्यामधे तुम्ही उभे राहता. आणि सूचनांचे आवाज बंद करा. त्यासाठी योग लागत नाही.

प्रश्न : रावपुऱ्यातला जुना रहिवासी, वय ६४, मधुमेह आहे. पहाटे उठतो, आसनं करतो, टीव्ही सोडला, रागही पुष्कळ कमी झाला. फक्त जीभ ऐकत नाही. गाडीवरची सेव-उसळ दिसली की पाय थांबतात. घरी बायकोने साखर-फरसाण कुलपात ठेवलंय. बाकी सगळं जमतं, मग एवढंच का नाही?

काका, तुमचं पत्र वाचून मला ज्ञानेश्वरीचा दुसरा अध्याय उघडावासा वाटला. कासव अवयव आत घेतं तशी इंद्रियं आवरावीत, या गीतेतल्या श्लोकानंतर माउली थेट जिभेवर येतात. कानाबिनाला आवरलं आणि रसनेला मोकळं सोडलं, तर विषय हजार अंगांनी वेढतात, असं ते बजावतात. वरवरची पालवी खुडायची आणि मुळाशी पाणी घालत राहायचं, तर झाड मरेल कसं, असं विचारतात. आणि पुढे जिभेचं वेगळेपणही सांगतात : बाकीच्या इंद्रियांचे विषय तोडता येतात, रस तसा हट्टाने तोडता येत नाही, कारण त्याच्यावाचून जगणंच घडत नाही. सातशे वर्षांपूर्वी इतक्या नेमकेपणाने हे कुणी लिहून ठेवलंय याचं मला आजही नवल वाटतं. टीव्ही तुम्ही सोडू शकलात. जेवण सोडता येणार नाही. म्हणजे जिभेचा अभ्यास ताटावर बसूनच करावा लागणार.

काय खायचं आणि किती, हे तुमचे डॉक्टर सांगतील, त्यात मी पडणार नाही. औषधं किंवा इन्सुलिन चालू असताना योगाच्या नावाने उपास करू नका, साखर एकदम खाली जाते. कसं खायचं तेवढं मी सांगते.

उभ्याने खाऊ नका, बसा. पेपर, टीव्ही, फोन नको. पहिला घास तोंडात गेला की हात ताटाजवळ खाली ठेवा. आधी गरम कळतं, मग तरीचा तिखटपणा, मग लिंबू, मग कांदा, आणि शेव मऊ पडत जाते ते. घास पूर्ण गिळल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. आपण सगळेच पहिला घास तोंडात असताना दुसरा तयार धरून बसतो, म्हणजे जीभ एका घासावर आणि मन पुढच्यावर. असं खाल्लंत तर एक गोष्ट तुमची तुम्हालाच दिसेल. चव पहिल्या काही घासांतच उतरायला लागते. त्यानंतर आपण पहिल्या घासाची आठवण खात असतो. हे मी सांगून पटणार नाही, तोंडात असताना दिसलं की पटतं. माझ्या वर्गातल्या एका गृहस्थांची अर्धी वाटी इथेच राहिली. कुणी त्यांच्या हातातून ती काढून घेतली नव्हती.

कुलपाच्या किल्लीचं ओझं काकूंच्या डोक्यावरून उतरवा. बायकोला पहारेकरी केलं की नवरा चोर होतो, आणि संसारातला गोडवा दोघांचाही जातो.

प्रश्न : मांजलपूरहून, वय ४५. व्हिडिओ पाहून षण्मुखी मुद्रा शिकले. अंगठ्यांनी कान, बोटांनी डोळे बंद करते. आता कानातली घूं वाढलीय आणि डोळे दुखतात. आत वळताना असं होतं का?

होत नाही. आजच थांबवा.

डोळ्यांच्या बुबुळांवर कधीही दाब द्यायचा नाही. त्या दाबाने काहींच्या हृदयाची गती एकदम मंदावते, आणि काचबिंदू असणाऱ्यांनी तर या वाटेला जाऊच नये. पापण्या आपल्या आपण मिटतात, त्यांना बोटांची गरज नाही. कान बंद केले की बाहेरचा आवाज कमी होतो आणि आतला मोठा वाटतो. हठयोगात नादाच्या अभ्यासासाठी याच गोष्टीचा उपयोग केलाय, पण तो गुरूसमोर बसून करायचा अभ्यास. तुमची घूं आधीपासून थोडी असेल तर कान बंद करणं म्हणजे तिला एकटं गाठणं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आवाज एकाच कानात असेल, ऐकू कमी येत असेल किंवा चक्कर येत असेल तर उद्यावर टाकू नका. तोवर बसायचं असेल तर पंखा चालू ठेवून, हात मांडीवर, श्वास सोडणं घेण्यापेक्षा थोडं लांबवत बसा.

याच पत्राच्या निमित्ताने सगळ्यांना सांगते. तीव्र नैराश्यावर उपचार चालू असतील, नसलेले आवाज ऐकू येत असतील, किंवा जुना एखादा मोठा धक्का अजून अंगावर येत असेल, तर एकट्याने डोळे मिटून फार वेळ आत जाऊ नये. डोळे उघडे ठेवून कमाटीबागेत चाला, पावलं जमिनीला लागताना जाणवू द्या आणि डॉक्टरांशी बोला. आत जाण्याची घाई कुणालाच नसावी, तुम्हाला तर नकोच.

प्रश्न : निवृत्त झालो. मन खरंच आवरायचं तर हिमालयात नाही तर ऋषीकेशला जाऊन राहावं असं वाटतं. बडोद्याच्या गर्दीत हे व्हायचं नाही. तुमचं मत?

जायचं असेल तर जरूर जा, गंगा पाहण्यासारखी आहे. पण बडोद्यात होत नाही हे कारण सांगून जाऊ नका.

१९०७ च्या डिसेंबरात सुरतेच्या अधिवेशनात काँग्रेस फुटली. तिथून अरविंद घोष बडोद्याला आले. या गावात त्यांनी १८९३ ते १९०६ नोकरी केली होती, कॉलेजात शिकवलं होतं. राजकारण ऐन भरात होतं. त्यांचे धाकटे भाऊ बारींद्र यांनी विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याशी त्यांची गाठ घालून दिली. लेल्यांबरोबर ते इथल्याच एका घराच्या वरच्या खोलीत तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं : बस, पण विचार करू नकोस, मनाकडे बघ. विचार बाहेरून येताना दिसतील, आत शिरायच्या आधीच त्यांना परतव. तीन दिवसांत त्यांचं मन निःशब्द झालं, असं अरविंदांनी स्वतः पुढे सांगितलं. मग मुंबईत भाषण करायची वेळ आली आणि डोक्यात एकही विचार नव्हता. लेल्यांनी सांगितलं, श्रोत्यांना नमस्कार कर आणि थांब, बोलणं येईल. ते आलं.

या गोष्टीचं मला महत्त्व वाटतं ते एवढ्यासाठी की खोली गावातच होती, शिकवणारा आपल्याच भाषेचा होता आणि शिकणारा लगेच कामाला परत गेला. आपल्यासारख्यांनी मात्र एकदम त्या टोकाला उडी मारू नये. लेल्यांनी विचारांना हात घातला, कारण समोर बसलेला माणूस त्या तयारीचा होता. आपली सुरुवात कान, जीभ, हाताची बोटं इथूनच.

आणखी सांगायचं तर कैवल्यधाम ही योगसंस्था लोणावळ्याला १९२४ साली सुरू करणारे स्वामी कुवलयानंद डभोईत जन्मले, बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिरात माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले आणि योग शिकले ते नर्मदाकाठच्या मालसरला, माधवदास महाराजांकडे. मालसर इथून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखं आहे. ऋषीकेशच्या तिकिटाआधी एकदा तिथे नदीकाठी बसून या.

प्रश्न : आजी, मी विद्यापीठात चित्रकला शिकते. सगळे म्हणतात इंद्रियं आत वळवली की जग फिकं पडतं. माझं तर सगळं डोळ्यांवरच चालतं. रंग दिसेनासे होतील या भीतीने मी सुरुवातच केली नाही.

बाळ, उलट होतं. तुझं पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण हा प्रश्न मला सर्वांत आवडला.

प्रत्याहारानंतरच्याच सूत्रात पतंजली म्हणतात की त्याने इंद्रियांवर परम ताबा येतो. ताबा कशाला म्हणायचं यावर व्यासांनी वेगवेगळी मतं नोंदवली आहेत. कुणी म्हणतं, विषयांचं व्यसन नसणं. कुणी म्हणतं, स्वतःच्या इच्छेने विषयाशी जोडलं जाणं. जैगीषव्य नावाचे योगी म्हणतात, चित्त एकाग्र झाल्यामुळे इंद्रियांचा विषयांकडे कलच न उरणं, आणि व्यास त्यालाच श्रेष्ठ मानतात. ते मोठ्या साधकांसाठी राहू दे. तुझ्या वयाला आणि कामाला ‘स्वतःच्या इच्छेने’ हे मत पुरेसं आहे. आत्ता तुझे डोळे दिवसभर कोण वापरतं ते बघ. जाहिराती, मोबाइल, रस्त्यावरचे फलक. कॅनव्हाससमोर येईपर्यंत ते थकलेले असतात. डोळे आधी परत घे, मग तुला हवं तिथे लाव.

असं कर. खंडेराव मार्केटमधून एक वांगं आण, काटे असलेलं, देठ ताजं. ते समोर ठेव. तळवे एकमेकांवर घासून मिटलेल्या डोळ्यांवर ओंजळ धर, दाब न देता, अंधार पुरेसा काळा होईपर्यंत. त्या काळोखात रंग, ठिपके, सकाळचं काहीबाही येईल, येऊ दे. मग ओंजळ काढ, डोळे सावकाश उघड आणि फक्त वांग्याकडे पाहा. थोड्या वेळाने ‘वांगं’ हे नाव सैल पडेल आणि जांभळ्यात काळा, काळ्यात हिरवा, खिडकीकडच्या बाजूला निळसर पांढरा असं दिसायला लागेल. नजर भटकली तर चिडू नकोस, देठापासून परत सुरू कर. पहिल्या दिवशी ब्रश हातात घेऊ नकोस. दुसऱ्या दिवशी घे, आणि जे होईल ते मला कळव. पत्राऐवजी चित्रच पाठवलंस तरी चालेल.